पतंगाच्या कागदाचा तुकडा

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नौपाड्याचे एक काका वागळे इस्टेटमधल्या माझ्या वर्कशॉपवर आले. हातात बुटांचा खोका, आत पंच्यात गुंडाळलेलं वाफेच्या इंजिनाचं मॉडेल. पुढे दोन छोटी चाकं, मागे सहा मोठी, आणि टेंडर, म्हणजे इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा डबा. माझं काम लेथचं, जिग-फिक्श्चरचं. खेळण्यांना मी सहसा हात लावत नाही. पण काका निवृत्त मोटरमन. "आयुष्यभर लोकल चालवली, एकदाही रूळ सोडला नाही. आणि हे दर फेरीला घसरतंय," म्हणाले, तेव्हा त्यांचा आवाज बसला होता. नाही म्हणवेना.

16 एप्रिलच्या आत इंजिन चालायला हवं होतं. 1853 साली त्याच तारखेला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली. साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, मागे 14 डबे. त्या दिवशी काका दरवर्षी नातवंडांना जमवून गाडी फिरवतात.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. हॉलमध्ये प्लायवूडवर 16.5 मिलिमीटर गेजचे रूळ. घसरतंय म्हणून काकांनी डावं वळण तीनदा उखडून पुन्हा बसवलं होतं. लेव्हल लावून पाहिली, सांधे बोटांनी चाचपले. रूळ चोख होते. मग करंट बंद केला आणि इंजिन हातानेच हळूहळू ढकलत नेलं, डोळ्याला भिंग लावून. गाडी वेगात असली की सगळी चाकं एकदमच पडल्यासारखी वाटतात. पहिलं कुठलं चढलं ते हाताने ढकललं तरच कळतं.

रूळ बदलतो त्या सांध्यावर पहिलं छोटं चाक चढलं. वळणावर मात्र ते जागेवरच राहिलं आणि मोठ्या चाकांतलं पहिलं चढलं. म्हणजे दुखणी दोन.

पहिलं सोपं निघालं. छोट्या चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर व्हर्निअरने मोजलं, 13.9 मिलिमीटर भरलं. या गेजला ते साडेचौदाच्या आसपास लागतं. चाकं आत सरकल्यामुळे सांध्याच्या आतल्या जादा रुळावर चाकाची पाठ घासायची आणि चाक वर यायचं. दुसऱ्या दिवशी लेथवर पितळेचा 14.5 चा ठोकळा केला, तो मध्ये धरून एक चाक पिळत पिळत बाहेर घेतलं. सांधा सुटला.

वळण सुटेना. मोठ्या चाकांची अंतरं बरोबर, मोठ्या चाकांना जोडणारे दांडे, साईड रॉड, मोकळे, टेंडरची वायर मऊ. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. तिसऱ्या दिवशी काकांच्या नातवाचा फाटका पतंग कोपऱ्यात दिसला. त्याच्या कागदाची पट्टी फाडली, एकेका चाकाखाली सरकवली आणि ओढून पाहिली. मागच्या चार मोठ्या चाकांखाली कागद धरला जात होता. पुढच्या दोन मोठ्या चाकांखालून मात्र लोण्यातून सुरी जावी तसा निघून आला. ती चाकं रुळावर टेकतच नव्हती!

छोट्या चाकांची जोडी खोलली. तिच्यावर बॉलपेनातली स्प्रिंग बसवलेली होती. आधी कुणीतरी दुरुस्ती करताना घातलेली, बहुधा छोटी चाकं घट्ट दाबून बसावीत म्हणून. खऱ्या इंजिनात ही जोडी वजनही पेलते आणि वळणात इंजिनाला वळवतेही. इथे सगळं इंजिनच काही शे ग्रॅमचं. एवढ्या ताठ स्प्रिंगने पुढचा भागच उचलला होता, आणि वर उचललेल्या चाकाला वळणावर रूळ ओलांडायला कितीसा वेळ लागतो? काकांना कागद ओढून दाखवला. त्यांनी स्वतः चार वेळा ओढला, मग खुर्चीत बसले. "मी उगाच रुळांना दोष देत होतो," एवढंच म्हणाले.

फॉस्फर ब्रॉन्झची बारीक तार दाभणावर गुंडाळून मऊ स्प्रिंग केली. पाच वेढे जड वाटले, एक काढला. आता छोट्या चाकांखाली कागद जेमतेम धरला जात होता आणि सहाही मोठ्या चाकांखाली घट्ट. छोटी जोडी बोटाने डावीकडे-उजवीकडे हलवली, कुठेही अडली नाही.

पंधरा तारखेला रात्री डबे जोडून गाडी सोडली. काका गुडघे टेकून, डोळे रुळाच्या पातळीला आणून बसले होते. वीस फेऱ्या झाल्या. मग त्यांनी न विचारता सांधा बदलला, रेग्युलेटर उलटा फिरवला आणि गाडी मागे घेतली. डबे पुढे, इंजिन मागे. वळणावर त्यांचा हात आपोआप पुढे गेला, पडलं तर झेलायला. इंजिन त्या हाताखालून निघून गेलं.