1092 अंशांच्या वर नेमके किती?

गॅमा किरण टिपणाऱ्या कॅडमियम टेल्युराइड या अर्धवाहक संयुगाचे स्फटिक वाढवणाऱ्याला स्वतःचे काम चालू असताना दिसत नाही. ब्रिजमन पद्धतीत क्वार्ट्झची बंद अ‍ॅम्प्यूल भट्टीच्या तप्त भागातून थंड भागाकडे तासाला मिलिमीटरभर वेगाने उतरत राहते आणि आत काय घडले, ते ती कापल्यावरच कळते. त्या दिवशी कापायला घेतलेल्या अ‍ॅम्प्यूलकडून कोणालाच आशा नव्हती, कारण रस (वितळलेले संयुग) मुरवण्याच्या, म्हणजे ठरलेल्या तापमानावर काही काळ ठेवण्याच्या, टप्प्यातच वीज गेली होती.

तयारीत मात्र काही उणे नव्हते. क्वार्ट्झ आधी अम्लराजात, मग सौम्य हायड्रोफ्लुओरिक आम्लात धुऊन, तापवून कोरडे केले होते आणि अ‍ॅसिटोनची वाफ तप्त नळीत विघटित करून आतून कार्बनचा काळा, आरशासारखा थर चढवला होता. हा थर कुठे नखाएवढा जरी सुटला, तरी रस क्वार्ट्झला चिकटतो, थंड होताना स्फटिकावर ताण येतो आणि तिथूनच तडे व ट्विन (आरशातील प्रतिमेसारखे उलट रचलेले भाग) सुरू होतात. कॅडमियम आणि टेल्युरियम यांचा संयोग होताना इतकी उष्णता बाहेर पडते की, तापवण्याची घाई केली तर अ‍ॅम्प्यूल फुटून कॅडमियमची विषारी वाफ खोलीभर पसरू शकते; म्हणून तो टप्पा आम्ही कंटाळवाणा वाटेल इतक्या सावकाश पार पाडतो. शोधनिबंधांत या साऱ्याची बोळवण ‘नेहमीच्या पद्धतीने’ एवढ्यावर होते आणि मग तोच प्रयोग दुसऱ्या प्रयोगशाळेत का जमत नाही, याचे नवल केले जाते.

या संयुगाचा द्रवणांक 1092 अंश सेल्सिअस आहे. रस एकजीव व्हावा म्हणून आम्ही तो त्याहून सुमारे 20 अंश वर मुरवतो. वीज गेली तेव्हा तापमान उतरू लागले. पुरवठा परत आल्यावर भट्टीचे तापमान राखणाऱ्या कंट्रोलरने मूळ आकड्याकडे जाण्याऐवजी त्या क्षणीचे तापमानच आधार मानले आणि उरलेला काळ रस द्रवणांकाच्या जेमतेम वर राहिला. हे वर्तन कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये निवडता येते, पण ती पुस्तिका उघडण्याचे कष्ट यंत्र बसवून देणाऱ्यांनी घेतलेले नव्हते.

कापल्यावर इनगॉट (गोठलेला ठोकळा) कुठेही न चिकटता सरकून बाहेर आला. एरवी त्याच्या कापांवर अनेक ग्रेन (अणूंची रचना एकाच दिशेची असलेले भाग) आणि आडवेतिडवे ट्विनचे पट्टे दिसतात. या वेळी टोकाच्या किंचित वरपासून माथ्यापर्यंत जवळजवळ एकच ग्रेन होता आणि कडेला ट्विनची एक बारीक पट्टी. इन्फ्रारेड सूक्ष्मदर्शकाखाली टेल्युरियमचे काळे, त्रिकोणी-षटकोनी समावेश (अडकलेले कण) नेहमीइतकेच दिसले, म्हणजे त्या बाबतीत वीज जाण्याने काही साधले नव्हते. तरीही ब्रोमीन-मिथेनॉलने एच करून (वरचा थर रसायनाने काढून) सोन्याचे संपर्क बसवलेल्या तुकड्यावर अमेरिशियम-241 चा 59.5 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे गॅमा शिखर गोंगाटातून स्पष्ट वर आले.

आमच्या गटातील ज्येष्ठांनी तिथल्या तिथे निष्कर्ष काढला: रस फार तापवला नाही की त्यात अणूंचे काही गट टिकून राहतात, त्यामुळे गोठण्यापूर्वीचे अतिशीतन (द्रवणांकाखाली जाऊनही द्रवच राहणे) कमी होते आणि एकदम असंख्य ग्रेन जन्माला येत नाहीत. हे म्हणणे निराधार नाही. कॅडमियम टेल्युराइडचा रस जास्त तापवल्यास अतिशीतन वाढते, हे पूर्वीपासून नोंदलेले आहे. मला दुसरीच शक्यता छळते. अ‍ॅम्प्यूलचे निमुळते टोक सर्वांत थंड असते. वीज नसताना तेवढेच टोक गोठले असेल, नंतर पूर्ण वितळले नसेल, आणि त्या उरलेल्या कणानेच बीजाचे, म्हणजे पुढचा स्फटिक ज्यावरून वाढतो त्या तुकड्याचे, काम केले असेल, तर हा रसाच्या स्मृतीचा (त्यात टिकून राहिलेल्या गटांचा) प्रकार नसून अपघाताने झालेले बीजारोपण ठरते. दोन्हींत इनगॉट सारखाच दिसेल.

नोंदवहीतून याचा निकाल लागत नाही. तापमान मोजणारे थर्मोकपल अ‍ॅम्प्यूलच्या बाहेर आहे. आलेखावरील घसरण भट्टीच्या भिंतीजवळची आहे, रसाची नाही, आणि तप्त भट्टीत दीर्घकाळ राहिलेले प्लॅटिनम-ऱ्होडियमचे थर्मोकपल स्वतःच थोडे भरकटते. सारा वाद ज्या थोड्या अंशांचा आहे, त्यांवरच आमची खात्री सर्वांत कमी आहे. मुद्दाम कमी तापमानावर रस मुरवून केलेल्या वाढींत काही इनगॉट बरे निघाले, काही नेहमीसारखेच बहुग्रेनी. ज्येष्ठांना शोधनिबंधात केवळ बऱ्या इनगॉटची छायाचित्रे ‘प्रातिनिधिक’ म्हणून हवी आहेत. उरलेल्या वाढींचे आलेख जोडले नाहीत तर माझे नाव घालू नये, असे मी त्यांना कळवले आहे.

आता त्याच इनगॉटचे तुकडे छोट्या निर्वात क्वार्ट्झ कुप्यांत सीलबंद करून, प्रत्येक कुपी वेगवेगळ्या तापमानापर्यंत नेऊन, भेददर्शी औष्णिक विश्लेषणात (संदर्भ नमुन्याशी तापमानातला फरक टिपून वितळणे-गोठणे ओळखण्याच्या पद्धतीत) अतिशीतन मोजायचे ठरले आहे. त्यातून रसाच्या स्मृतीबद्दल काही कळेल. मात्र इतका लहान नमुना मोठ्या इनगॉटपेक्षा सहज जास्त अतिशीत होतो, त्यामुळे तिथला आकडा भट्टीला जसाच्या तसा लावता येणार नाही. बीजाच्या शंकेसाठी टोक मुद्दाम गोठवून एक वाढ वेगळी करावी लागेल आणि तिला भट्टीच्या वेळापत्रकात अजून जागा मिळालेली नाही.