अ-आ-ई नंतर, आधी चड्डीचा हूक

बाकी महाराष्ट्रात जूनच्या मध्यावर शाळा उघडतात. आमच्या विदर्भात उन्हापायी आठवडाभर उशीर. २०२५ साली तिकडे १६ जूनला, इकडे २३ जूनला. पहिला आठवडा सकाळची शाळा, ७ ते ११.४५. पण नेमकी तेव्हाच पेरणीची घाई असते. पाऊस पडला की सगळं घर वावरात. लेकराला शाळेत सोडून तासभर दाराशी बसून राहणारी आई आमच्या गावात सापडायची नाही. म्हणून पहिलीत जाणाऱ्या आमच्या पोराची जी काय तयारी करायची ती उन्हाळ्यातच, असं मी ठरवलं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. पहिलीसाठी ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. आमचा नोव्हेंबरातला, बसला. जन्माचा दाखला ग्रामपंचायतीतून काढलेला होताच. आधार मात्र तान्हेपणीचं, निळं. पाच वर्षांनंतर त्यावर बोटांचे ठसे नि डोळे घ्यावे लागतात, तेही मे महिन्यातच उरकलं.

एप्रिलमध्ये शाळेत शाळापूर्व तयारीचा मेळावा झाला. एका टेबलावर चित्र रंगवायचं, एकावर वस्तू लहान-मोठ्या लावायच्या, बाजूला दोरीवरून उड्या. उड्यांत आमचं पोट्टं सगळ्यांच्या पुढं. पण चित्र पाहून बोलायचं टेबल आलं तसा ढिम्म. घरी दिवसभर तोंडाला कुलूप नसतं, तिथं मात्र माझा पदर धरून उभा! मॅडमनी विकासपत्रावर, म्हणजे लेकराला काय जमतं ते नोंदवायच्या कागदावर, खूण केली आणि आयांना घरी घ्यायच्या खेळांची कार्डं दिली. तूर नि चणे एकत्र करून वेगळे करायला लावणं वगैरे आम्ही केलं, त्याला आवडलंही. मला मात्र ते न बोलणंच खात होतं. अक्षरं मॅडम शिकवतील, त्यांचं कामच आहे. पण पोटात कळ आली तर परक्या माणसासमोर याला तोंड उघडता आलं पाहिजे.

मग रोज संध्याकाळी त्याला किराणा दुकानात एकट्याला धाडायला लागले. पाच रुपयांचं जिरं, कधी माचिस. मी पलीकडच्या ओट्यावर बसून बघायची. पहिल्यांदा नोट मुठीत चुरगाळून तो उभा राहिला तो उभाच. मागून आलेले सामान घेऊन गेले तरी याच्या तोंडून शब्द नाही. दुकानदार भाऊंना मी आधीच सांगून ठेवलं होतं, तो बोलल्याशिवाय काही देऊ नका. हळूहळू "भाऊ, जिरं द्या" निघालं. मे संपेस्तोवर उरलेले पैसे मागून घ्यायला लागला, तेही चांगले ओरडून.

दुसरी अडचण घरातच होती. सासूबाईंचं एकच पालुपद, "लय मस्ती आली काय? जाय आता शाळेत, मास्तर सिधा करते तुले." त्यात आमचे हे, आपण लहानपणी किती छड्या खाल्ल्या ते फुशारकीनं सांगणार. लेकरू घाबरंल नाही तर काय! मी म्हटलं, "आई, २००९च्या कायद्यानं शाळेत मारायला बंदी आहे." त्या म्हणाल्या, "कायद्यानं पोट्टे सुधरतात काय वं?" वाद घालण्यात अर्थ नव्हता. पण नातवानं रात्री अंगणात झोपताना "मास्तर मले कायनं मारते?" असं विचारलं, तेव्हा त्यांनाच कसंतरी झालं. दुसऱ्या दिवसापासून शाळेतल्या खिचडीच्या गोष्टी सुरू झाल्या.

आणि चड्डीचा हूक. गणवेश यायचा होता, म्हणून चुलतभावाची जुनी चड्डी घेतली. हूक आतल्या बाजूला वळवून अडकवायचा, मग चेन. पोट आत ओढायचं हे त्याला समजेना, तो उलट श्वास भरून पोट फुगवायचा आणि हूक निसटायचा. शेवटी भिंतीला पाठ लावून उभं केलं, तेव्हा जमलं. शाळेचं मैदान सुटीतही उघडंच असतं. संध्याकाळी नेऊन हापशी दाखवली, मुतारी दाखवली, कडी लावून-काढून घेतली. सकाळची शाळा म्हणजे पोटही सातच्या आत साफ व्हायला हवं. ती सवय लागायला सगळ्यांत जास्त दिवस गेले, चहाआधी कोमट पाणी पाजून पाजून.

२३ तारखेला प्रवेशोत्सव. सजवलेल्या बैलगाडीतून पहिलीच्या पोरांची मिरवणूक, गुलाबाचं फूल, नवी पुस्तकं. पाय रंगात बुडवून कागदावर ठसे घेतले, तेव्हा मात्र याचा रडका सूर लागला. रंग जात नाही म्हणून रडला. मॅडमनी हापशीवर नेऊन पाय धुतले, मी मुद्दाम मागंच थांबले. मग वावरात गेले, कारण मजूर वाट पाहत होते.

घरी आल्यावर विचारलं, लघवीला गेला होतास का? तर म्हणे, दोनदा गेलो, आणि एका पोट्ट्याची कडी निघत नव्हती ती बी मीच काढून देल्ली.

३० जूनपासून नेहमीची वेळ सुरू झाली. आता शेजारची चौथीतली पोरगी त्याला नेते-आणते. तिला मी बोरांची लाच कबूल केली आहे, बोरं यायला अजून अवकाश आहे तरी.