जबड्याची गाठ आणि एक रक्ततपासणी

आज खानापूर तालुक्यातली एक विशीतली मुलगी आईबरोबर आली. खालच्या जबड्याला पुढे सूज, दात हलायला लागलेले. बायोप्सीचा कागद पुढे करत आईने आधी एवढंच विचारलं, "तसलं काय नाही न्हवं ओ डॉक्टर?"

नाही मावशी, कॅन्सर नाही. जायंट सेल ग्रॅन्युलोमा. ही साधी गाठ बहुतेक वेळा तिशीच्या आत होते, मुलींमध्ये जास्त.

पण मायक्रोस्कोपखाली हुबेहूब अशीच दिसणारी गाठ गळ्यातल्या, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉईड ग्रंथी बिघडल्या तरी होते. मूळ दुखणं गळ्यात असताना नुसता जबडा खरवडून काय मिळणार? म्हणून रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फरस आणि पॅराथायरॉईड हार्मोन बघितल्याशिवाय हत्यार उचलायचं नाही, यावर मी अडून बसते. पेशंट लांबून येतात, आणखी एका तपासणीचा खर्च जड जातो, हे मला कळतं. तरीही ही तपासणी टाळू नका.

तिचे रिपोर्ट नॉर्मल आहेत. गाठ दुखत नाही, हाड फोडून बाहेर आलेली नाही, दातांची मुळंही शाबूत आहेत. त्यामुळे खरवडून काढणं पुरेल असं वाटतं. झपाट्याने वाढणारी असती तर गाठीत स्टिरॉईडची इंजेक्शनं, कॅल्सिटोनिन किंवा डेनोसुमॅब या औषधांचा विचार केला असता. एवढ्या कोवळ्या वयात जबडा कापायची घाई मला पटत नाही.

काढलेली गाठ परत येऊ शकते, म्हणून पुढची काही वर्षं एक्स-रे काढत राहायचे, हे दोघींना नीट समजावलंय. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात.