काळी गाय पानी पेते

आज दारव्ह्याकडच्या एका गावात अंगणवाडीत माझं स्पीच थेरपीचं सेशन होतं. साडेतीन वर्षांचा पोरगा, कानाची तपासणी नॉर्मल, समजतं सगळं पण बोलतो एकेकच शब्द. सोबत आजी, कारण माय-बाप कापूस वेचाले गेलेले. चित्रांचं पुस्तक हाती दिलं अन् आजी लगेच सुरू, "हे काय हाय? सांग ना बाप्पा, हे काय हाय?" पोरगं गप्प. मी म्हटलं आजी, जरा थांबा, त्याला पानं उलटू द्या. बऱ्याच वेळानं त्यानं बोट ठेवलं, "गाय". मी म्हटलं "हो, काळी गाय". आजी म्हणे "काळी गाय पानी पेते". अन् तो म्हणाला, "गाय पानी"!! दोन शब्द जोडले पोरानं, तेही आजीच्या बोलीत, म्हणून मी घरच्यांना सांगत असते की लेकरासोबत वऱ्हाडीतच बोला, पुस्तकी मराठीसाठी अडू नका.

1988 मध्ये अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ व्हाइटहर्स्ट अन् सहकाऱ्यांनी पुस्तक वाचताना लेकराशी असं बोलण्याचा परिणाम तपासला होता, ज्या पालकांनी वाचताना मोकळे प्रश्न ("हे काय" सारखे एका शब्दात न संपणारे) विचारले, लेकराचं बोलणं वाढवून परत म्हटलं, त्यांची लेकरं महिनाभरात भाषेत पुढं गेली, नुसतं वाचून दाखवणाऱ्यांपेक्षा.

प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी पुस्तकं फुकट आहेत, मोबाईलवर उघडतात. पण मला कागदाचंच बरं वाटतं, लेकरू स्वतः पान उलटतं, मागं जातं. कोणाकडे जुनी चित्रांची पुस्तकं पडून असतील, फाटकी चालतील, तर इनबॉक्स करा, मी येऊन घेऊन जाईन.