‘समाधानकारक’ हवा आणि आईच्या शिंका

हवेची गुणवत्ता दाखवणारी ॲप्स आता सांगली-मिरजेतही पुष्कळांच्या मोबाइलमध्ये असतात. आमच्या घरात ती आईच्या जुन्या दम्यामुळे आली आणि त्यांचा उपयोगही झाला. मात्र त्यातला कोणता आकडा कशावरून काढलेला असतो हे समजून घेतल्यानंतरच तो झाला.

पहिला घोळ मोजपट्टीचा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे ‘समीर’ हे ॲप भारतीय निर्देशांक दाखवते, तर परदेशी कंपन्यांची अनेक ॲप्स अमेरिकी निर्देशांक वापरतात. हवेत पीएम २.५ या सूक्ष्म कणांचे प्रमाण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असेल, तर भारतीय निर्देशांक १०० येतो आणि हवा ‘समाधानकारक’ ठरते. त्याच हवेला अमेरिकी पद्धतीत १५० च्या वरचा आकडा आणि लाल रंग मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये चोवीस तासांच्या सरासरीसाठी सुचवलेली मर्यादा तर १५ मायक्रोग्रॅमच आहे. म्हणून मी रंगाकडे न पाहता मूळ मायक्रोग्रॅमचा आकडा पाहतो, आणि जे ॲप तो दाखवत नाही ते ठेवत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. भारतीय निर्देशांकात सूक्ष्म कणांची चोवीस तासांची सरासरी धरली जाते. आमच्याकडे गळीत हंगामात ऊस तुटून गेला की संध्याकाळी एखाद्या फडात पाचट पेटवले जाते, आणि थंडीत जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असल्याने तो धूर वर न जाता वस्तीवर पसरून राहतो. आईला त्रास होतो तो त्या दोन-तीन तासांत, आणि सरासरीत नेमके तेच तास विरघळून जातात. शिवाय जवळपास मोजणी केंद्र नसेल, तर बरीच ॲप्स उपग्रह आणि हवामानाच्या प्रारूपांवरून अंदाज बांधतात; अशा जागतिक प्रारूपातला एकेक चौकोन कित्येक किलोमीटरचा असतो, त्यात ओढ्यापलीकडच्या फडाचा धूर दिसण्याची अपेक्षाच चुकीची आहे. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या शहरांत सांगलीचे नाव आहे, पण तासगाव किंवा पलूसच्या माणसाने सांगलीचा आकडा आपला मानण्यात अर्थ नाही.

सर्वांत मोठा गैरसमज मात्र परागकणांचा आहे. भारतीय निर्देशांकात आठ प्रदूषके मोजली जातात आणि परागकण त्यांत नाहीत. पीएम १० म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतचे कण, आणि गवताचा परागकण साधारणपणे त्याच्या तिप्पट मोठा असतो. त्यामुळे पावसाळा सरताना आकाश धुऊन निघालेले असते, ॲप हिरवेगार असते आणि आईच्या शिंका थांबत नाहीत, यात विसंगती काहीच नाही.

काही ॲप्स परागकणांचा वेगळा रकाना देतात. परागकण मोजण्याची रूढ पद्धत कष्टाची आहे: यंत्र मिनिटाला दहा लिटर हवा ओढून चिकट पट्टीवर कण गोळा करते आणि मग कोणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली ते ओळखून मोजते. युरोपात अशा केंद्रांचे जाळे आहे, त्यामुळे तिथले बर्च आणि ऑलिव्हचे अंदाज मोजणीशी ताडून पाहता येतात. जिथे अशी मोजणी नाही तिथे ‘झाडे – कमी, गवत – मध्यम’ असे लिहिलेले असले तरी तो हवामान आणि वनस्पतींच्या नकाशावरून काढलेला तर्क असतो. आमच्या गल्लीच्या टोकाला मोकळ्या प्लॉटवर कमरेएवढे गाजर गवत पांढऱ्या फुलांनी भरले आहे, हे त्या तर्काला कसे कळणार?

जाता जाता एक. सप्टेंबरात कासला जाऊन आले की शिंका येतात म्हणून पठारावरच्या फुलांना दोष देणारे नातेवाईक आमच्याकडे आहेत. रंगीत फुलांचे पराग सहसा जड आणि चिकट असतात, ते कीटकांमार्फत जातात. वाऱ्यावर उडतात ते मुख्यतः गवतासारख्या, कोणी फोटो न काढणाऱ्या फुलांचे. कासहून परतल्यावर नाक वाहिले तर आधी वाटेवरच्या गवताचा विचार करावा.

मिरजेतील आमच्या डॉक्टरांनी आईला पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकलेला श्वास किती वेगाने बाहेर पडतो ते मोजणारे छोटे उपकरण, वापरायला सांगितले आहे. सकाळ-संध्याकाळ त्यात तीनदा जोरात फुंकायचे आणि सर्वांत मोठा आकडा वहीत लिहायचा. त्याच ओळीत मी पीएम २.५ चा त्या वेळचा आकडा, धुराचा वास, गाजर गवताचा फुलोरा आणि दम्याचा पंप किती वेळा लागला, एवढे टिपतो. आईचा आकडा तिच्या नेहमीच्या उत्तम आकड्याच्या ऐंशी टक्क्यांखाली गेला, तर ॲप काहीही म्हणो, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या योजनेप्रमाणे वागायचे असे ठरले आहे. ॲपवरून आम्ही एकच गोष्ट ठरवतो: हंगामात संध्याकाळी पीएम २.५ चा ताशी आकडा चढू लागला की खिडक्या लावायच्या आणि आईचे फिरणे दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यानंतर. परागकणांच्या सूचना मी बंद करून टाकल्या आहेत. त्याऐवजी प्लॉटवरचे गवत फुलोऱ्याआधी काढावे म्हणून शेजाऱ्यांच्या मागे लागलो आहे, आणि उपटताना हातमोजे घालावेत हेही सांगतो, कारण त्या गवताने अंगाला खाज सुटते.