दुर्बिणीतून फुफ्फुसाचं ऑपरेशन: माझा अनुभव

संध्याकाळी बारीक ताप, उजव्या कुशीत टोचणं आणि जिना चढला की दम. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आयुष्य गेलं, त्यामुळे घरच्यांनी सगळं खापर कापसाच्या तुसावर फोडलं. एक्स-रेत मात्र छातीत पाणी निघालं.

सुईने काढलेलं पाणी सीबीनॅटला गेलं. टीबीचे जंतू आहेत का, ते रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देतील का, हे ते मशीन दोनेक तासांत सांगतं. रिपोर्ट निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाले, "छातीच्या पाण्यात जंतू सहसा हाती लागत नाहीत. एवढ्यावर टीबी नाही म्हणता येत नाही." सीटी स्कॅनमध्ये पाण्याचे कप्पे झालेले आणि फुफ्फुसावर जाड साल चढलेली. फुफ्फुस फुगायलाच जागा नाही. साल सोलून काढायची ठरलं.

भाऊ म्हणे, हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला जाऊ. पण सोय सोलापुरातच झाली. पूर्वी याला पाठीपासून काखेखालपर्यंत चिरून बरगड्या फाकवत. आता तीन छोटी छिद्रं. छातीत दुर्बीण घालून बघणं तसं जुनं आहे, स्वीडनच्या याकोबेयस यांनी १९१० मध्येच ते केलं होतं. पडद्यावर बघत मोठी ऑपरेशनं मात्र १९९० नंतर, छोटे व्हिडिओ कॅमेरे आल्यावर रुळली. भूल देणाऱ्या मॅडमनी सांगितलं, दोन पदरी नळीने फक्त डावं फुफ्फुस चालू ठेवायचं, उजवं मिटवायचं, म्हणजे आत काम करायला जागा होते. "एकावर भागतं का हो?" बायको घाबरली. "भागतं वहिनी, आम्ही शेजारीच असतो." दुर्बिणीतून जमलं नाही तर छाती उघडू, या कागदावरही सही घेतली.

जखमा छोट्या म्हणून त्रास छोटा, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. छातीतली हवा-पाणी बाहेर काढायला बरगड्यांमध्ये घातलेली नळी बोचते, कूस बदलू देत नाही. तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत. श्वासाबरोबर नळीतलं पाणी वरखाली व्हायचं, खोकलो की बुडबुडे. बुडबुडे म्हणजे फुफ्फुसातून अजून हवा गळतेय. ही गळती मिनिटाला किती मिली, हे आकड्यात दाखवणारी डिजिटल यंत्रंही निघाली आहेत म्हणे. माझ्या नशिबी बाटली, आणि राउंडला येणारा प्रत्येक जण आधी तिच्याकडे बघायचा, मग माझ्याकडे.

खरी मेहनत तीन गोळ्यांच्या स्पायरोमीटरची, म्हणजे श्वासाच्या व्यायामाच्या खेळण्यासारख्या यंत्राची. फुंकायचं नाही, ओढायचं. पहिली गोळी उचलली, दुसरी थरथरून खाली. फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणायच्या, "काका, उशी छातीशी धरा आणि खोका. लाजू नका." दुखतं म्हणून वरवर श्वास घेतला तर सुटलेलं फुफ्फुस पुन्हा बसतं. म्हणून दुखण्याची गोळी आधी आणि व्यायाम मागून, हा क्रम मी सोडला नाही. एक्स-रेत फुफ्फुस भरलेलं दिसलं, बुडबुडे थांबले, तेव्हा श्वास रोखायला सांगून नळी ओढली. क्षणभर डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण नंतर काय सुख!

सोललेल्या सालीचा तुकडाही तपासायला गेला होता. त्यात टीबी सापडला. औषधं सरकारी केंद्रातून फुकट मिळतात, आणि टीबीच्या पेशंटच्या खाण्यापिण्यासाठी असलेल्या निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १,००० रुपये खात्यावर येतात. लघवी नारिंगी होते, ते रिफाम्पिसिनमुळे, घाबरायचं नाही. डोस वजनावर ठरतो, म्हणून दर वेळी आधी काट्यावर उभं करतात. वजन वाढतंय, आता एक गोळी वाढेल असं दिसतंय.