तुम्ही विचारलंत म्हणून: फेमिनिस्ट बाईच्या घरी कामाला बाई कशी?

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच, एवढ्या समानतेच्या गप्पा मारता मग तुमच्याकडे भांडी कोण घासतं? विचारणारा बहुतेक वेळा हसत असतो, कसं पकडलं असं. तर हो, मावशी घासतात, नऊ वर्षं झाली. आणि आधी माझा राग काढून घेते, हा प्रश्न माझ्या नवऱ्याला आजवर एकानेही विचारलेला नाही. त्याच ताटात तोही जेवतो. पण मावशी 'माझ्या' हाताखाली, कारण काम मुळात माझं, हे विचारणाऱ्याने आधीच ठरवून टाकलेलं असतं.

झालं. आता कबूल करते, प्रश्न बरोबर आहे.

दोन वर्षांपूर्वी मावशींच्या मुलीचं बाळंतपण होतं. तीन आठवडे येणार नाही हे त्यांनी महिनाभर आधी सांगितलेलं, मीही 'अहो जा की बिनधास्त' म्हटलेलं. नेमकं त्याच दिवसांत मला एका कार्यक्रमात बोलायचं होतं, विषय काय तर घरकामगार बायका. पीपीटीत मोठ्या अक्षरात घातलं होतं की २०११ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १८९ नंबरचा करार केला, त्यात घरकामगारांना आठवड्यातून सलग २४ तास सुट्टी वगैरे वगैरे. पहिले चार दिवस आम्ही दोघांनी नेटाने केलं. पाचव्या दिवशी त्याची डेडलाईन, सहाव्या दिवशी माझी, आणि सिंकवरून जे भांडण पेटलं ते सिंकपाशी थांबलंच नाही, पार लग्नापासूनचं सगळं निघालं. मुलगा दार लावून आत बसला. आणि मी काय केलं, तर रात्री साडेनऊला मावशींना फोन. जरा लवकर नाही का जमणार? मागे बाळ रडत होतं. त्या म्हणाल्या, ताई, हिला अजून धड उठवत नाही हो. मग थांबून म्हणाल्या, साहेब गावाला गेलेत का?

साहेब हॉलमध्ये होते. मी म्हटलं, हो.

तिसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली, दार नवऱ्याने उघडलं. मावशी म्हणाल्या, साहेब, कधी आलात? तो म्हणाला, मी कुठे गेलो होतो?

त्या काही बोलल्या नाहीत. आत गेल्या, नळ सोडला.

मी खोटं का बोलले हे अजून नीट कळलेलं नाही. त्याला झाकलं की स्वतःला? भाषण मात्र छान झालं, टाळ्या पडल्या.

पंचविशीतली मी म्हणाली असती, त्यात काय, तिला पगार मिळतो, मला वेळ मिळतो, दोघी स्वतंत्र. बेल हुक्स ही कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिका मी तेव्हाच वाचली होती, गोऱ्या शिकलेल्या बायका घराबाहेर पडल्या तर त्यांची मुलं आणि घर सांभाळायला कुणाला बोलावणार, हे तिने १९८४ मध्येच विचारलंय. मी ती ओळ अधोरेखित केली होती. पेन्सिलीने. तेव्हाही घरी कामाला बाई होत्याच.

आइसलँडमध्ये २४ ऑक्टोबर १९७५ ला जवळजवळ ९० टक्के बायकांनी एक दिवस नोकरी आणि घरकाम दोन्ही बंद ठेवलं, बापांना पोरं घेऊन ऑफिसात जावं लागलं. आमच्या घरात तो दिवस उगवतच नाही, कारण माझ्या आणि नवऱ्याच्या मधे मावशी उभ्या आहेत. लोक ज्याला आमचा समंजस संसार म्हणतात ना, त्यातला बराचसा समंजसपणा त्या रोज सकाळी येऊन करून जातात.

मग काढून टाकू का त्यांना? त्याने माझं तत्त्व राहील, त्यांचा पगार जाईल. आता रविवार सुट्टी, भरपगारी रजा, हे सगळं आहे, पण त्या फोननंतर सुरू झालंय, आधी नाही. रविवारी भांडी नवरा घासतो. मी मनात मोजते, आणि मी मोजते हे त्याला कळतं. त्या फोनचा विषय मावशींनीही काढलेला नाही आणि मीही नाही.

तर पुढच्या वेळी विचाराल तेव्हा तो शेजारी असेल तर त्यालाही विचारा. काय सांगतो ते मलाही ऐकायचंय.